शामायच्या वह्या, कॅसेट आणि पियानो : कामाच्या नोंदी

१२ मे २०२४

धोबी तलावची खोली जुलैअखेर रिकामी करून द्यायची आहे, इमारत पुनर्विकासाला गेली. आत माझ्या आईच्या आईचं, शामायचं, सामान जसंच्या तसं आहे: उभा पियानो, ट्रंका भरून स्वरलिपीची पुस्तकं, शिकवणीच्या वह्या, बिस्किटांच्या डब्यांत कॅसेट.

शामाय गोव्यातल्या साष्टीतून मुंबईला आली तेव्हा तिथे पोर्तुगीज राज्य होतं. नकाशावर जवळ असली तरी ती परक्या देशातून आलेली बाई होती. पुढे म्हातारी होईपर्यंत तिने सोनापूर, गिरगाव, ग्रँट रोड या पट्ट्यात मुलांना पियानो शिकवला. घरात प्रत्येकाकडे तिचे दोन-चार किस्से आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून किस्से बाजूला ठेवून वस्तूंवरून तिचं आयुष्य लावायचं ठरवलंय. घरात असंच सामान पडून असलेल्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून या नोंदी.

मामाचा आग्रह, आधी पियानो वाजता करू. बघू.

१९ मे

ट्यूनर येऊन गेले. पाहणी आणि जुजबी साफसफाई मिळून ३,५०० रुपये.

पट्ट्या ८५ आहेत, हल्लीसारख्या ८८ नाहीत. डँपर (तारेचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या) हातोड्यांच्या वर बसवलेले आणि पुढे तारांची जाळी. ट्यूनर लोक याला बर्डकेज म्हणतात आणि नाक मुरडतात, कारण ट्यूनिंगचं हत्यार आत घालताना ती जाळी सतत आडवी येते. तारा गंजलेल्या, फेल्ट कसरीने खाल्लेलं, काही खुंट्या सैल. मधला ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४१२च्या आसपास, म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडा जास्तच उतरलेला. तो ४४०पर्यंत चढवायचा तर सगळ्याच तारांवरचा ताण वाढणार आणि या वयाच्या तारा पटापट तुटणार. तारा, खुंट्या, फेल्ट सगळं नवं घालायचा अंदाज १ लाख ८० हजार.

खालची फळी काढली तर आत बल्बचा होल्डर. मुंबईच्या जुन्या पियानोंत हा बऱ्याच ठिकाणी सापडतो. पावसाळ्यात पट्ट्यांच्या भोकांतलं फेल्ट फुगतं आणि पट्टी दाबली की वर येत नाही, म्हणून आत कमी वॉटचा बल्ब लावून ऊब ठेवायची. शामायचा बल्ब बारमाही चालू असायचा असं आई सांगते. विजेच्या बिलावरून आजोबांची कुरकुरही बारमाही.

पट्ट्यांवर हस्तिदंत आहे. प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर रुंद भाग आणि निमुळता भाग यांच्यामध्ये बारीक सांधा दिसला की ओळखावं. आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, त्यामुळे असा पियानो कुणा भंगारवाल्याला सुटा करून देऊ नका. पुसायला जेमतेम ओलसर फडकं आणि लगेच कोरडं. पाणी सांध्यात गेलं तर तुकडा सुटतो.

ठरलं असं: स्वर चढवायचा नाही. आहे त्याच उंचीवर तारा एकमेकींशी जुळवून घ्यायच्या, तेही पावसाळ्यानंतर. खरं तर ट्यूनरच्या आधी वह्यांकडे वळायला हवं होतं. पियानो आणखी वर्षभर तसाच राहिला असता, कागद मात्र रोज थोडा खाल्ला जातोय.

२ जून

कागदाची कसर. फवारा अजिबात नको, शाई फुटते. वह्या जाड प्लॅस्टिक पिशव्यांत घालून, हवा दाबून काढून, तोंड टेपने बंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं. आईच्या सुरमईला तोवर शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये आसरा.

२३ जून

स्कॅनिंगचा पहिला गठ्ठा वाया. दुकानात कृष्णधवल, ३०० डीपीआयवर करून घेतलं. छापील स्वरलिपी सुरेख आली आणि पेन्सिलीचं सगळं गेलं. कृष्णधवल मोडमध्ये मशीन प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवतं, फिकट पेन्सिल त्याच्या लेखी पांढरी. आपल्याला नेमकी पेन्सिलच हवी होती. छापील पुस्तकं जगात कुठेही मिळतील, त्यावर शामायने काय लिहिलं ते फक्त इथे आहे.

१,९०० रुपये गेले. आता घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर रंगीत, ४०० डीपीआय. पान मिनिटभर घेतं. शिवण घट्ट असलेली पुस्तकं उताणी दाबायची नाहीत, त्यांचे खिडकीच्या तिरप्या उजेडात मोबाइलवर फोटो काढले. तिरप्या उजेडात खोडलेल्या पेन्सिलीच्या खाचाही दिसतात, हे स्कॅनरवर कधीच दिसलं नसतं.

६ जुलै

मामेभाऊ कीबोर्ड वाजवतो. त्याने पानं बघितली आणि म्हणाला, शामायने बोटांचे आकडे सरसकट चुकीचे लिहिलेत. छापील १ असेल तिथे पेन्सिलीत २, छापील २ तिथे ३. एका ठिकाणी नाही, पुस्तकभर.

सरसकट आहे म्हणजे चूक नसणार. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर छापील आकड्यांत ५ कुठेच नाही हे लक्षात आलं. अंगठ्याच्या जागी फुलीचं चिन्ह आहे. जुन्या इंग्रजी छपाईत अंगठ्याला फुली आणि बाकी बोटांना १ ते ४ अशी पद्धत होती. युरोपात इतरत्र अंगठा १ आणि करंगळी ५, हल्ली सगळीकडे हेच चालतं. शामाय गोव्यात पोर्तुगीज पद्धतीने शिकलेली, आणि मुंबईत तिला परवडणारी पुस्तकं म्हणजे साहेबांच्या घरातून रद्दीत आलेली इंग्रजी आवृत्ती. तेव्हा तिने एकेक आकडा एकाने वाढवला. पुस्तकामागून पुस्तक.

यातून एक हत्यार हाती आलं. आकडे वाढवलेली पुस्तकं तिची सुरुवातीची. नंतरच्या, १ ते ५ छापलेल्या पुस्तकांत तिची पेन्सिल फक्त जिथे बोट बदलायचं तिथेच उमटते. ट्रंकेतली पुस्तकं एवढ्यावरून ढोबळमानाने आधीची आणि नंतरची अशी लावता आली.

पेन्सिलीतल्या इतर खुणाही त्याच घरातल्या. ‘एम. डी.’ म्हणजे उजवा हात, ‘एम. ई.’ म्हणजे डावा. स्वरांची नावं दो, रे, मि. इंग्रजीतला बी-फ्लॅट तिच्याकडे ‘सि बेमोल’. तिचा दो म्हणजे कायम सी, राग-पट्टी काहीही असो. सारेगम शिकलेल्या गिरगावकर मुलांची त्यामुळे काय गत झाली असेल, ते विद्यार्थी भेटले की विचारायचं.

२० जुलै

पियानो हलवला. जिना लाकडी, वळण अरुंद, लिफ्ट नाही. पियानोची सवय असलेले हमाल मिळाले म्हणून निभावलं. धोबी तलावपासून वसईला मामाच्या तळमजल्यावर, टेंपोसह १४,००० रुपये. आधी आलेल्या सामानवाहू कंपनीने ‘कपाटासारखाच आहे’ म्हणून सहा हजार सांगितले होते. त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. आतली लोखंडी चौकट विसरणाऱ्याच्या हातात पियानो द्यायचा नाही.

भिंतीपासून हटवल्यावर मागे तिकिटं, हेअरपिना, एक ट्यूनिंग फोर्क (ठोकला की एकच ठरलेला स्वर देणारा पोलादी काटा). फोर्कच्या दांडीवर कोरलंय ‘सी ५२२’, म्हणजे सी स्वर, ५२२ हर्ट्झ. धुऊन ठेवला.

११ ऑगस्ट

हिशेबाच्या वह्या. डाव्या पानावर विद्यार्थ्यांची आद्याक्षरं आणि फी, उजव्या पानावर खर्च. महिन्यांची नावं पोर्तुगीजमध्ये, वर्ष कुठेही लिहिलेलं नाही. तिला वर्ष माहीतच होतं, लिहायचं कशाला!

वर्ष शोधायची वाट पैशातून निघाली. सुरुवातीच्या पानांवर रक्कम ७-८-० अशी आहे, सात रुपये आठ आणे. पुढे ती ७.५० होते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. पण बदल एका रात्रीत झालेला नाही, आणे आणि नये पैसे काही पानं शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे एवढ्यावर महिना पक्का होत नाही. मग एका जुन्या विद्यार्थिनीकडचं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेचं १९५८चं प्रमाणपत्र कामाला आलं. तिच्या आद्याक्षरांपुढे परीक्षा-फीची नोंद वहीत होतीच. तिथे खुंटी ठोकली आणि महिने मोजत मागे-पुढे गेले. पडताळा म्हणून ट्रामचं भाडं बघितलं. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, वहीतली शेवटची ट्राम-नोंद त्याच्या आत पडते. मोजणी पुढे घसरलेली नाही.

वर्षं लागल्यावर वही बोलायला लागली.

सुरुवातीला डिसेंबरच्या उत्तरार्धात फीच नाही. नाताळला ती गावी जायची, शिकवणी बंद. १९५५च्या डिसेंबरात मात्र फी आहे. ५६लाही. पुढे सलग ६१पर्यंत. १९५५च्या ऑगस्टात गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने सीमा बंद केली, रेल्वेही थांबली. पुन्हा डिसेंबर रिकामा दिसतो तो १९६२ साली, गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षी. एवढे नाताळ तिने मुंबईत मुलांच्या बोटांवर काढले आणि घरात कुणाच्या किश्श्यात हे नाही. आई म्हणते, “ती कधी बोललीच नाही, आणि आम्ही लहान.”

दुसरी गोष्ट ‘पी. एच.’ ही आद्याक्षरं, दरमहा १५ रुपये. या नावाचा विद्यार्थी शोधण्यात आमचे बरेच दिवस गेले. जुन्या ओळखीतल्या पारशी घरांना फोन झाले, प-वरून सुरू होणारी नावं तिथे काय कमी? शेवटी मामाने वही उलटी धरून विचारलं, हा पैसे देतोय की घेतोय? नोंद उजव्या पानावर होती. पियानो हायर. पियानो भाड्याचा!

भाडं १९५३पासून १९६३पर्यंत चालतं, मग एकदाच ६५० रुपये आणि त्यानंतर काही नाही. म्हणजे दहा वर्षं भाड्याने ठेवून मग तोच विकत घेतला. घरातला सर्वांत लाडका किस्सा असा की शामाय पियानो घेऊन बोटीने आली. तो इथे संपला. एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली सामानाची पावतीही निघाली आहे: १९५१, मडगावहून कॅसलरॉकमार्गे रेल्वेने. एक ट्रंक, एक वळकटी, एक वायोलिनची पेटी. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज (दो-रे-मि म्हणत स्वर वाचणं) आणि वायोलिन शिकवायचीच रीत होती. १९५३च्या आधी खर्चाच्या पानावर ट्रामच ट्राम आहे, ती ज्यांच्या घरी पियानो होता त्यांच्याकडे जाऊन शिकवत असणार.

मामा दोन दिवस नाराज होता. बोटीचा किस्सा तो त्याच्या नातवंडांना सांगतो.

८ सप्टेंबर

कॅसेट. १९८०च्या दशकातल्या, लेबलवर विद्यार्थ्याचं आद्याक्षर आणि धड्याचा आकडा. मुलांनी घरी जाऊन ऐकावं म्हणून ती धडे रेकॉर्ड करायची.

जुना डेक काढला तर आतला रबरी पट्टा डांबर झालेला. तो स्पिरिटने खरवडायला पट्टा बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पट्ट्यांचा संच ४०० रुपये. काही कॅसेटच्या टेपवर पांढरी बुरशी होती, त्या वेगळ्या काढल्या. बुरशीची टेप वाजवली तर डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, बरबटतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागतं. दाबपट्टीचा स्पंज गळालेल्या कॅसेटची टेप नव्या स्क्रूवाल्या खोक्यात घातली. रेकॉर्डिंग डेकमधून ऑडिओ इंटरफेस, तिथून संगणकावर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. प्रत्येक कॅसेटआधी हेडचा छोटा स्क्रू फिरवून आवाज सर्वांत उघडा येईल तिथे थांबायचं. या एका स्क्रूने सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या गाळण्यांपेक्षा जास्त फरक पडला.

२९ सप्टेंबर

वेगाचा घोळ. कॅसेटवर पियानोचा ‘ए’ ४२५ येत होता. मामेभावाने तो ताणून ४४० केला. मामीने ऐकून विचारलं, “ही कोण मुलगी?” शामायचा आवाज बारा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता. पियानो मुळातच उतरलेला, त्याला प्रमाण धरून चालणार नाही, हे कळायला मामी लागली.

मग विजेच्या गुणगुणीचा आधार घेतला. रेकॉर्डिंगमध्ये मेन्सची गुणगुण शिरते, ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट. दुप्पट मोजली तर १००.६. म्हणजे वेग जवळजवळ बरोबर. खूश होऊन बऱ्याच कॅसेट उरकल्या.

नंतर एका धड्याच्या सुरुवातीला ‘टिंग’ ऐकू आलं. पियानोच्या मागे सापडलेला फोर्क. ती तो वाजवून मुलाला दो गायला लावते आणि मगच पियानो उघडते. फोर्क माझ्या टेबलावर आहे, आजही ५२२ देतो. कॅसेटवर तोच फोर्क ५३६ देत होता. पोलाद चाळीस वर्षांत चौदा हर्ट्झ हलत नाही, तेव्हा खोटं कॅसेट बोलत होती. मग गुणगुण बरोबर कशी? आत्याचे यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी लगेच सांगितलं की त्या काळात विजेचा तुटवडा पडला की ग्रिड ५०वर राहायचं नाही, ४९पर्यंत उतरायचं. हिशेब बसला. मुळात ४९ असलेली गुणगुण, रेकॉर्डर सावकाश चालल्यामुळे आज वाजवताना ५०च्या वर दिसत होती. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

दुरुस्ती: ५२२ भागिले ५३६, म्हणजे वेग २.६ टक्के कमी. त्यानंतर पियानोचा ‘ए’ ४१४ येतो, आजच्या मोजणीच्या अगदी जवळ. आवाज आईने ओळखला. उरकलेल्या कॅसेटच्या फाइली पुन्हा केल्या, मूळ फाइल न पुसता ठेवल्या होत्या म्हणून कॅसेट परत वाजवाव्या लागल्या नाहीत. ज्या कॅसेटवर फोर्क नाही तिथे पियानोचा ‘ए’ ४१४ धरला. त्या वर्षांपुरता तोच आमचा फोर्क.

२० ऑक्टोबर

विद्यार्थी. आता सगळे साठी-सत्तरीच्या पुढचे. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नावली पाठवली, उत्तरं एकजात ‘टीचर फार शिस्तीच्या होत्या, प्रेमळ होत्या.’ काही उपयोग नाही.

मग ज्याच्या त्याच्या पुस्तकातलं पान छापून घेऊन गेले. पान समोर ठेवलं की माणूस आधी बोटं हलवतो, मग बोलतो. गिरगावचे एक काका, लहानपणी पेटी शिकलेले: “सा कुठेही धरायची सवय. टीचर दोला जागेवरून हलू देत नसत. सहा महिने मी मनात सा म्हणायचो, तोंडाने दो.” दादरच्या बाईंनी फोर्कचं विचारलं तेव्हा सांगितलं, फोर्कचा दो आणि पियानोचा दो वेगळे लागायचे. त्यांनी टीचरना तसं म्हटलं तर उत्तर आलं, “पियानो म्हातारा आहे. तुझे कान नाहीत.”

फी-माफीचंही कळलं. वहीत काही आद्याक्षरांपुढे रकमेऐवजी नुसता टिंब आहे. मी थकबाकी समजत होते. काका म्हणाले, “तो टिंब मी. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हाचा.”

बोलणं रेकॉर्ड करण्याआधी लेखी परवानगी घेतली, नाव द्यायचं की आद्याक्षर तेही विचारून. बहुतेकांना आद्याक्षरच हवं.

१७ नोव्हेंबर

मडगावला नागरी नोंदणी कार्यालयातून जन्माच्या मूळ नोंदीचा उतारा काढला. तिथे त्याला तेओर म्हणतात. नोंद पोर्तुगीज हस्ताक्षरात आहे. वर्ष आणि गाव आधी हाताशी असलं तर शोध सोपा. शामायचं वय घरच्या समजापेक्षा दोन वर्षांनी जास्त निघालं. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय, आम्ही नोंदीतलं धरलं. नागरिकत्वाचा वेगळा कागद शोधण्यात वेळ घालवू नका. गोव्यात जन्मलेल्यांना १९६२च्या आदेशाने सरसकट भारतीय नागरिक धरलं गेलं, बहुतेकांकडे असा कागद नसतोच.

१२ जानेवारी २०२५

पियानो जुळवून झाला, आहे त्याच उंचीवर, ६,००० रुपये. दोन तारा तरीही तुटल्या, त्या बदलल्या. आत १५ वॉटचा बल्ब पुन्हा लावलाय. एलईडी नको, त्याने ऊब येत नाही. साधा पिवळा बल्ब शोधावा लागतो.

स्कॅन आणि ध्वनिफाइली तीन ठिकाणी: आईकडे, वसईला, एक ऑनलाइन. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग आद्याक्षर, मग पान. जिथे वर्ष मोजणीतून काढलंय तिथे पुढे ‘अं’ (अंदाजे) जोडलंय, म्हणजे उद्या कुणाला खुंटी चुकीची वाटली तर तेवढंच उपटता येईल. बुरशीच्या कॅसेट अजून बाजूला आहेत. त्या घरी करणार नाही.

दादरच्या बाईंनी परवा एक स्पूल आणून दिली. १९७०च्या आसपासची, पाव इंची टेप, त्यांच्या वडिलांनी शिकवणीच्या वेळी लावलेली. मामाची अट एकच, वाजली तर बोटीबद्दल काही आहे का ते आधी ऐकायचं. स्पूल वाजवणारं चालू मशीन अजून मिळालेलं नाही. दुरुस्त करणारा एक जण कळलाय, पण तो मशीन भाड्याने देत नाही, स्पूल मागतो. सोबत बसून वाजवू देणार असेल तरच त्याच्याकडे न्यायची.